दामूकाकाचं पान

भाद्रपदात भर दुपारी वीज गेली की मला अजूनही भूक लागते. साधी भूक नव्हे. दुसऱ्या कुणाची तरी भूक आपल्या पोटात येऊन बसावी, तशी. आता आमच्या अंजूर गावात वीज फारशी जात नाही. शेतांच्या जागी गोदामं उभी राहिली, गोदामांना अखंड वीज लागते आणि त्यांच्या मेहेरबानीने आमचेही पंखे फिरतात. पण कधीतरी जातेच. पंखा हळूहळू थांबतो, फ्रिजची घरघर बंद पडते, खाडीकडून चिखलाचा खारट वास आत येतो आणि त्याच्यामागोमाग वाफाळत्या भाताचा. माझी बायको वंदना म्हणते, शेजारी कुणीतरी भात लावला असेल. असेलही. मी उठून बघायला जात नाही.

हे सुरू झालं दोन हजार सात साली. तेव्हा मी भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या एका कापड कारखान्यात ताके तपासायला होतो. लूमवरून उतरलेलं कोरं कापड काचेच्या टेबलावरून सरकवायचं, काचेखाली ट्यूबलाइट, आणि तुटका धागा, भोक, तेलाचा डाग दिसला की खडूने खूण करायची. वीस वर्षं हेच करत होतो. लोकांच्या कापडातली खोट मला दहा हातांवरून दिसायची. स्वतःच्या रक्तातली खोट मात्र डॉक्टरांनी दाखवावी लागली. ज्येष्ठात टेबलावरच चक्कर येऊन पडलो, रक्त तपासलं, शुगर निघाली. वय सेहेचाळीस.

डॉक्टरांनी ठाण्याच्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. बाई कसल्या, माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी पोरगी. तिने वही उघडली आणि मी दिवसभरात काय खातो ते विचारलं.

"सकाळी तांदळाची भाकरी," मी म्हणालो. "दुपारी भात. रात्री भाकरी आणि वर थोडा भात."

"आणि बरं नसलं की?"

"पेज."

"सणाला?"

"वडे. तांदळाचे. आणि खीर."

"खीर कशाची?"

"तांदळाचीच."

ती हसली. मीही हसलो. आगरी माणसाच्या घरात दुसरं काय मिळणार? मग तिने एक कागद माझ्यापुढे सरकवला. खाल्लेला पदार्थ रक्तात किती झटकन साखर होऊन उतरतो, त्याचा तो तक्ता होता. ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात त्याला. हळू उतरणारे पदार्थ हिरव्या रकान्यात होते: मूग, हरभरे, कुळीथ, पेरू, पालेभाज्या. झटकन उतरणारे लाल रकान्यात. त्यात पांढरा भात होता आणि त्याच्या लगेच खाली तांदळाची भाकरी.

"भाकरीपण?" मी विचारलं.

"काका, भाकरी म्हणजे तांदूळच ना? उलट पीठ केलं की आणखी लवकर साखर होते."

पंखा चालू असूनही माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला. त्या ओळीवर ठेवलेलं बोट मला उचलवेना. बाईला वाटलं, भाकरी सुटणार म्हणून मी हिरमुसलो. मला दामूकाका आठवला होता.

दामूकाका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. त्याचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. त्याच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या, म्हणून दवाखान्याची ने-आण माझ्याकडे. त्याला शुगर निघाली तेव्हा मीच त्याला भिवंडीच्या डॉक्टरकडे नेलं होतं. बाहेर पेशंटची ही गर्दी. डॉक्टर चिठ्ठी लिहितालिहिता म्हणाले, भात बंद. एवढंच मी ऐकलं आणि एवढंच घरी येऊन जनाकाकीला सांगितलं. त्यापुढे काही विचारावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

काकीने भात बंद केला आणि त्याच्या जागी काकाला एक भाकरी जास्त वाढायला लागली. दोन वेळा, गरमागरम, तांदळाची. आमच्याकडे भात म्हणजे भात आणि भाकरी म्हणजे भाकरी. भाकरीला भात म्हणणारा माणूस अंजूरात शोधून सापडला नसता. मीसुद्धा त्या भाकऱ्या रोज बघत होतो आणि काकीचं कौतुक करत होतो.

वर्षभराने काकाच्या पायाची जखम चिघळली. शेवटचे दोन महिने तो खाटेवरच होता. काकी समोर दिसली की म्हणायचा, "जना, चार शितां दे गो." काकी मागच्या दारी जाऊन रडायची, पण द्यायची नाही. एकदा ती वाटीत चमचाभर भात घेऊन निघाली होती. मी तिच्या हातातून वाटी काढून घेतली. "काकी, त्याला मारायचाय का?" असं म्हणालो. ते शब्द माझेच. काका गेला तो भात मागत गेला. त्या दिवसापासून काकीने स्वतःही भात सोडला. तीही भाकरीवर राहायला लागली.

ठाण्याहून परतताना तो कागद माझ्या खिशात होता. काका उपाशी गेला तो फुकट गेला, हे आता जगात फक्त मला कळलं होतं. वंदनाला कागद दाखवला, पण काकाचं नाव काढलं नाही.

वंदनाने घरात कडक शिस्त लावली. माझी भाताची वाटी वेगळी, आमच्या मुलीच्या भातुकलीत शोभेल एवढी. त्यात उकड्या तांदळाचा, शिजवून गार केलेला भात, तोही आठवड्यातून दोनदा. बाकी ज्वारीची भाकरी. ती आमच्या घरात कुणाला थापता येत नव्हती. पहिले पंधरा दिवस तव्यावर नकाशे तयार होत होते आणि मी ते मुकाट्याने खात होतो. डब्यात मोड आलेले मूग, उसळ, पेरू. पेरूच्या बिया दातात अडकायच्या आणि दुपारभर जीभ तिथेच फिरत राहायची. महिन्याभरात अंग हलकं झालं. नाक मात्र विलक्षण तिखट झालं. रस्त्याने जाताना कुणाच्या घरी कोलम शिजतोय आणि कुणाच्या घरी रेशनचा तांदूळ, ते मला कळायचं.

त्या वर्षी रमजान आणि पितृपक्ष एकमेकांत मिसळून आले होते. निजामपुऱ्यात दिवसभर हॉटेलांवर पडदे, आणि इकडे अंजूरात रोज कुणाच्या तरी कौलावर पान. जिवंत माणसं उपाशी होती आणि मेलेल्यांना जेवायला बोलावणं चाललं होतं. कारखान्यात कादिरचाचा नावाचे म्हातारे कारागीर होते, तीस वर्षं लूमवर उभे राहिलेले. माझ्याकडे बघून म्हणायचे, "मास्टर, रोजा हमारा है और सूख आप रहे हो." सगळे हसायचे. मीही हसायचो, पण पट्ट्याला नवी भोकं पाडून घ्यावी लागत होती.

भिवंडीत तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. लूमचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. शेकडो लूमची खटखट छातीत बसलेली असते, आपण तिच्यावरच श्वास घेत असतो. आणि दुपारी वीज गेली की ती एका क्षणात थांबते. गल्ली मरून पडते. कान सुन्न होतात. कारागीर पायऱ्यांवर येऊन बसतात.

अशाच एका दुपारी मी ताका तपासत वाकलो होतो. ट्यूब विझली. खालचा उजेड गेल्यावर काच काळी झाली आणि तिच्यात दामूकाका दिसला. गालाची हाडं वर आलेली, डोळे आत, खालचा ओठ किंचित लोंबता. मी मान वळवली, त्यानेही वळवली. अर्थात तो मीच होतो. बारीक झाल्यावर घराण्याचा सांगाडा वर येतो, त्यात नवल काय? असं मी मलाच समजावलं आणि टेबलावर कापड पसरून काच झाकून टाकली.

पण मग ते इतरांनाही दिसायला लागलं. न्हाव्याने न विचारता माझा भांग उजवीकडे पाडला. काका उजवीकडे पाडायचा. अंजूर फाट्यावर एका म्हाताऱ्या रिक्षावाल्याने, "बसा दामूशेठ," म्हणून हाक दिली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि रिक्षा सुरू करून रिकामीच पुढे नेली. काकाचा कुत्रा आता आंधळा झाला होता, काकीच्या ओट्यावर पडून असायचा. मी इतकी वर्षं त्याच्यासमोरून ये-जा करत होतो, त्याने कधी शेपटी हलवली नाही. आंधळ्या कुत्र्याला माझा चेहरा कसा दिसणार? तरी त्या भाद्रपदात तो माझी चाहूल लागताच उठून उभा राहायला लागला.

काकी माझ्याकडे बघायची बंद झाली होती. मी समोर आलो की पदर पुढे ओढायची. मला वाटलं, काही राग आहे. मग अष्टमीच्या सकाळी ती आमच्या दारात आली आणि चौकटीशी बोलावं तशी बोलली.

"परवा दशमी. वामन या वर्साला येत न्हाय. अंगान ताप हाय त्याचे. तू बसशील का?"

आमच्याकडे पितृपक्षात कावळ्याला पान ठेवतात, पण तेवढ्यावर भागत नाही. गेलेल्या माणसाच्या जागी एक जिवंत माणूस जेवायला बसवतात. त्यालाच पितर म्हणतात. पाय धुवून, गंध लावून त्याला वाढायचं. त्याने पहिल्या तीन वाढपांना नको म्हणायचं नाही. पोट भरलं की पानावर तळहात आडवा धरायचा. तो तृप्त उठला की गेलेला तृप्त झाला. काका गेल्यापासून त्याच्या जागी त्याचा दोस्त वामन बसायचा.

"काकी, मना भात चालत न्हाय," मी म्हणालो.

"म्हायत हाय मना," काकी म्हणाली. "तरी पन तूच बस. वामन जेवतो नि मना वाटतं, वामनच जेवला."

मी हो म्हणालो. वंदना दोन दिवस धुमसत होती. "चार महिने मी वाट्या मोजल्या, त्या एका दुपारी पाण्यात घालणार तुम्ही," म्हणाली. तिचं खरं होतं. पण माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. त्या पानावर मी हे गुपित पोटात ठेवून बसू शकत नव्हतो. मी ठरवलं, बसायच्या आधी काकीला सांगून टाकायचं की भाकरीही तांदूळच होती, भात अडवण्यात काही अर्थ नव्हता, आणि अडवणारा मी होतो. ती मला शिव्या देईल, देऊ दे. मग वाटलं, शिव्या देऊन ती मोकळी होईल की कोसळेल? सहा वर्षं ती एकाच गोष्टीवर उभी होती, की मी कठोर झाले ते त्यांच्या जिवासाठी. तीच काढून घ्यायची?

दशमीला ऊन असं होतं की अंगणातल्या मातीला वाफ येत होती. काकीच्या मोठ्या जावयाने कावळ्याचं पान मागच्या कुंपणावर ठेवलं आणि तो तिकडेच उभा राहिला. मी मागच्या पडवीत पाटावर बसलो. समोर काकाचं शेत होतं, म्हणजे आता निळ्या पत्र्याची भिंत. शेत गेलं त्या वर्षीचा शेवटचा तांदूळ काकीने पत्र्याच्या डब्यात राखून ठेवला होता आणि दर दशमीला त्यातला शेरभर काढायची. तिने माझ्या पायावर पाणी घातलं. गंध लावलं. काकाचा पंचा माझ्या खांद्यावर ठेवला.

"काकी, एक सांगायचंय," मी म्हणालो.

"पितर बोलत न्हाय," ती म्हणाली आणि पान मांडलं. वडे, खीर, अळूची भाजी, काकडी, भोपळा. मध्ये भाताचा पांढरा ढीग.

त्याच वेळी वीज गेली. घरातला पंखा थांबला, गोदामातली कसलीशी घरघर थांबली, आणि एवढी शांतता झाली की गरम भातावर वरण पडल्याचा आवाज मला ऐकू आला.

मी भात नेहमी कडेने कालवतो. लहानपणापासून. त्या दिवशी माझ्या हाताने भाताच्या मधोमध बोटांनी आळं केलं, वरण त्यात थांबवलं आणि आतून बाहेर कालवायला सुरुवात केली. असं कोण जेवायचं ते मला माहीत होतं. मी हाताकडे बघत राहिलो. काकीही हाताकडेच बघत होती.

चार महिन्यांनी वाफाळता भात तोंडात जात होता. मी त्याच्या वासावर रस्त्यात थबकलेला माणूस, आणि मला चव लागत नव्हती. मीठ नाही, वरण नाही, चटकाही नाही. घास आत जायचा आणि कुठेच पोचायचा नाही. आडात खडा टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं. ढीग संपला. काकीने वाढला. तोही संपला. तिसरा वाढला. मला भीती वाटायला लागली होती, पण हात थांबत नव्हता.

काकी हातपंख्याने वारा घालत होती. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "मी भात न्हाय दिला तुमाना."

जन्मापासून ती मला अरेतुरे करत आली होती.

"चार शितां मागत व्हता तुमी. न्हाय दिली. माजा चुकला का?"

माझं वाक्य तयार होतं. काकी, भाकरीपण तांदळाचीच होती. दोन दिवस मी ते मनात घोकलं होतं. मी तोंड उघडलं, आणि जे बाहेर आलं ते घोकलेलं नव्हतं.

"सांगनाऱ्यान अर्धाच सांगला, जना. तुजा काय चुकला न्हाय."

काकीला मी आयुष्यात कधी नावाने हाक मारली नव्हती. आवाज माझाच होता, असं मी आजही शपथेवर सांगेन. पण अर्धंच सांगितलं गेलं हे ठाऊक असलेला माणूस त्या पडवीत एकच होता, म्हणजे मी. आणि मी स्वतःला 'सांगनारा' कशाला म्हणेन? मग माझ्या हातून तळहात पानावर आडवा धरला गेला. काकीने विचारलं, "भरला पोट?" मान हलली.

ती रडली नाही. वीज आली, पंखा फिरायला लागला, आणि मी उठल्यावर तिने तेच पान स्वतःपुढे ओढलं. उरलेला भात वाढून घेतला. सहा वर्षांत पहिल्यांदा ती भात जेवत होती, सावकाश, एकेक शीत वेचत. ओट्यावरचा कुत्रा माझ्या अंगावरून वास घेत गेला आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन पडला. त्यानंतर माझ्या चाहुलीने तो कधी उठला नाही. काकी पुढे तीन वर्षं जगली आणि रोज भात जेवली. भाकरीचं मी तिला कधीच सांगितलं नाही. विचारलंही कुणी नाही.

घरी आलो तर वंदना शुगर मोजायचं मशीन घेऊन बसली होती. चेहरा असा की शेजारीही घाबरावेत.

"दोन तास थांबा," म्हणाली. "मग बघू काय दिवे लावलेत ते."

मी खाटेवर पडून राहिलो. तीन ढीग भात, सहा वडे आणि वाटीभर खीर पोटात असलेल्या माणसाला झोप यायला हवी होती. मला भूक लागली. आधी वाटलं, भास आहे. मग पोटात कळ यायला लागली. सकाळी सातला खाल्लेल्या मुगानंतर काही न खाल्ल्यासारखी सरळ, साधी, माझी भूक. वंदनाला सांगायची हिंमत झाली नाही.

दोन तासांनी तिने बोटाला सुई टोचली. मशीनवर आकडा आला. तिने मशीन हलवलं, दुसरी पट्टी लावली, दुसऱ्या बोटातून रक्त काढलं. तोच आकडा, दोन-चार इकडेतिकडे. सकाळी उपाशीपोटी होता तेवढाच. मशीन बिघडलं म्हणून तिने स्वतःचं बोट टोचलं. तिने दुपारी भात खाल्ला होता, आणि तिचा आकडा माझ्यापेक्षा वर होता.

तिने मशीन बाजूला ठेवलं. मग उठली, स्वयंपाकघरातून मुगाच्या उसळीची वाटी आणून माझ्यापुढे ठेवली. मी घास घेतला. मीठ लागलं, मिरची लागली, खोबरं लागलं.

"खरं सांगा," तिने विचारलं, "तिकडे काय काय जेवलात?"

"मी कुठे जेवलो," मी म्हणालो आणि वाटी जवळ ओढली.